रात्री राणी होणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

हे सगळं समोर बसून सांगायचं ठरवलं होतं. पण मी गावी आले ती नेमकी ऐन जत्रांच्या मोसमात. रिक्षास्टँडवर तुमची रिक्षा नाही. घरी यावं तर तुम्ही पहाटे येऊन झोपलेले, आणि संध्याकाळ झाली की तुमच्या दशावतारी नाटकमंडळीचा टेम्पो हजर. दोनदा पडवीवरून परत गेले. काकी म्हणाल्या, "वैशाखापर्यंत हो माणूस माजो न्हय." म्हणून हे उघडं पत्र. स्टँडवर कुणीतरी वाचून दाखवेलच, आणि आख्ख्या तिठ्याला ऐकू जाईल असं वाचेल.

लंडनला निघाले त्या दिवशी कुडाळ स्टेशनवर तुम्हीच सोडलंत. भाडं तर घेतलं नाहीतच, उलट चौघडी केलेली पाचशेची नोट माझ्या हातात कोंबलीत. "पुस्तकांका नको हां. थंयचा एक नाटक बघ गो, आणि येशीत तेवा माका सांग."

तर ऐका.

पहिले आठ महिने मी काहीच बघितलं नाही. दिसेल ती किंमत शंभराने गुणायची आणि मागे फिरायचं. कॉफी चारशे रुपये! कॉलेज, खोली आणि आठवड्यातल्या तीन संध्याकाळी दुकानातलं काम, बस्स. मैत्रिणींनी बोलावलं की माझं डोकं दुखायचं. मे महिन्यात कसलासा फॉर्म भरायला पासपोर्ट काढला, तर कव्हरातून तुमची नोट खाली पडली. कुणी तरी पकडल्यासारखं झालं मला. रुपया तिथे चालत नाही, पण तुमची ताकीद चालली. त्याच शनिवारी बाहेर पडले.

सकाळी आधी हाउली प्लेस नावाच्या शांत रस्त्यावर गेले. तिथल्या दहा नंबरच्या घरावर निळी गोल पाटी आहे: लोकमान्य टिळक इथे 1918-19 मध्ये राहत होते. चिरोल नावाच्या इंग्रज पत्रकारावरच्या खटल्यासाठी गेले होते ना, तेव्हा. रत्नागिरीत जन्मलेला माणूस असल्या कोर्टकचेरीच्या काळजीत या घरातून ये-जा करत असेल, आणि मी इथे कॉफीचे हिशेब करत बसलेय. पाटीचा फोटो काढला, बाबांना पाठवला. मग पावणेदोन पौंडांत डबलडेकर. वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढची सीट मिळाली. सांगू नका कुणाला, पण मी शेवटच्या स्टॉपपर्यंत उतरलेच नाही. नॅशनल गॅलरीत चित्रं बघायला पैसे लागत नाहीत हेही मला आठ महिन्यांनी कळलं.

तिथून सेंट पॉलचं मोठं चर्च आणि पुढे टेम्स नदीवरचा पायपूल, मिलेनियम ब्रिज. हा 2000 साली उघडला आणि दोन दिवसांत बंद करावा लागला, कारण माणसं चालायला लागल्यावर तो डुलायलाच लागला. डुलला की तोल सांभाळायला सगळ्यांची पावलं एका ठेक्यात पडायची, त्याने आणखी डुलायचा. दुरुस्त व्हायला 2002 उजाडलं. आपल्या वहाळावरच्या साकवावरून शाळेत गेलेल्या पोरांना विचारलं असतं तर आधीच सांगितलं असतं!

पुलापलीकडे ग्लोब. शेक्सपियरच्या काळचं थिएटर 1599 चं, ते 1613 मध्ये जळलं. नाटकात तोफ उडवली, ठिणगी छपरातल्या गवतावर पडली. आताचं 1997 साली उघडलेलं, तसंच लाकडी, गोल, वर आभाळ उघडं. आणि काका, कडेचं छप्पर गवताने शाकारलेलं! 1666 च्या मोठ्या आगीनंतर त्या शहरात शाकारलेलं छप्पर पहिल्यांदा यालाच करू दिलं. आता वर पाण्याच्या फवाऱ्याचे नळ बसवलेत म्हणा.

मधल्या अंगणात उभ्याने बघायचं तिकीट मला पाच पौंडांना मिळालं. तुमच्या पाचशेत हिशेबाने पुरते पाच पौंडही बसत नव्हते, म्हणून नोट तशीच ठेवून माझेच पैसे घातले. बसायचं नाही, छत्री उघडायची नाही. मध्येच सर आली. माझ्याकडे रेनकोट होता, पण खरं सांगते, इरलं मस्त चाललं असतं. मी थेट रंगमंचाला हनुवटी टेकवून उभी होते. नटाच्या रंगावरून घामाची रेघ उतरताना दिसत होती. माइक नाही. एक जण बोलता बोलता आमच्यातूनच वाट काढत वर चढला, आपल्या दशावतारातल्या संकासुरासारखा. डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं तेव्हा तो थांबला, वर बघितलं, आणि पुढचं वाक्य असं टाकलं की सातशे माणसं हसली. मला तुम्ही आठवलात. आपल्या जत्रेत लाइट गेली तेव्हा अंधारातून राणीचा आवाज आला होता, "प्रधानजी, तारेवर फणसाची फांदी पडलेली दिसते. दूत धाडा!" तिथे मात्र चारशे वर्षांपूर्वीचा शब्द न् शब्द पाठ करतात. तुमचं एक वाक्यही लिहिलेलं नसतं हे मी शेजारच्या बाईला सांगितलं, तर तिला ते खरं वाटेना. भाषा मला अर्धीच कळली. कुठे हसायचं ते मात्र चुकलं नाही.

गोष्ट एका मुलीची, पुरुषाचा वेष घेतलेल्या. त्या काळी मुलींची कामं पोरंच करायची. म्हणजे पोराने बाई व्हायचं आणि त्या बाईने परत पुरुष. तुम्हाला झेपलं असतं.

मी सात वर्षांची असताना तुम्ही मला मंडळीचा गणपती ठेवतात त्या पेटाऱ्याशेजारी बसू दिलं होतंत. आरशाचा तुकडा गुडघ्याला टेकवून तुम्ही भुवया कोरत होता. मग पदर दातांत धरून नऊवारी नेसलात, विडी विझवलीत, आणि मान वळवलीत ती तुमची नव्हतीच. बाकी सगळे समोरून बघत होते, मी मागून बघितलं. ग्लोबमध्ये अडीच तास पाय दुखले नाहीत ते त्यामुळेच. आभार आधी त्या रात्रीचे, मग नोटेचे.

नोट अजून मोडलेली नाही, ती परतही देणार नाही. महिनाअखेरीला माझं विमान आहे. त्याआधी तुमची रात्र कुठल्या गावात आहे तेवढं काकींकडे सांगून ठेवा. चटई मी आणते. खाजं तिथेच घेऊ.

तुमची,
स्टेशनवर भाडं न दिलेली