मेट्रोला जोड हवी

मा. संपादक, स. न.
तीन दिवसांच्या जोडसुट्टीत आम्ही उभयतां इंदूरहून बँकॉकला जाऊन आलो. चाओ फ्राया नदीतून नारिंगी झेंड्याच्या बोटीने कामाला निघालेले आणि बोट धक्क्याला पुरती टेकण्याआधीच टुणकन उतरणारे लोक पाहिले, तेव्हा नदी हाही शहराचा रस्ता असू शकतो हे नीट उमगले. १९९९ साली सुरू झालेली स्कायट्रेन, म्हणजे तिथली उन्नत मेट्रो, साफान ताक्सिन स्थानकावर थेट बोटीच्या धक्क्याशी येऊन मिळते. (यावरात या तिथल्या चायनाटाउनच्या खाऊगल्लीत आपल्या इंदूरच्या सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीची आठवण झाली, भुट्ट्याच्या किसाची सर मात्र तिथे कशालाच नव्हती.) इंदूरची मेट्रो २०२५ मध्ये धावू लागली, तिच्या प्रत्येक स्थानकाच्या दाराशीच सिटीबसचा थांबा असावा, अशी विनंती आहे.
— एक वाचक, इंदूर