माऊंटला स्टॉप पिनच नाही आणि तुम्ही सांगताय छर्रे बदला

नमस्कार,

चवथीच्या आधी तुमच्याकडून ४.५ मिमीची स्प्रिंगवाली एअरगन मागवली, ४x३२ स्कोपसकट, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीसकट; ती ज्या पकडीने बंदुकीवर बसते तो माऊंट. पावसामुळे आठवडाभर खोका उघडलाच नाही ही माझी चूक, मान्य. पण पुढचं माझं नाही.

आमच्या घरामागे चिऱ्यांची गडगी आहे, तिच्यावर छर्रा मारला तर उलटून अंगावर येईल म्हणून वाळूचं पोतं उभं केलं, टेपने १० मीटर मोजून कागद लावला. पहिले पाच छर्रे एकाच भोकात गेल्यासारखे. पुढचे पाच डावीकडे खाली. दहा मीटरवर स्कोपच्या नॉबच्या एका क्लिकला नेम जेमतेम ०.७ मिमी सरकतं, म्हणजे सेंटीमीटरभर आणायला १४ क्लिक, ते मोजून फिरवले, नेम बसला, आणि दहा बार झाले की परत तेच.

तुमचा कस्टमर केअरवाला म्हणतो छर्रे बदला, शिकारीला जड छर्रा लागतो. अहो शिकार कसली, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, मी कागदावर नि रिकाम्या डब्यांवर मारतो! तरी त्याचं ऐकून चार प्रकारचे छर्रे आणले. चपट्या तोंडाचे सगळ्यात बरे, तुम्ही फुकट दिलेले टोकदार सगळ्यात वाईट, निम्म्यांचे घेर डब्यातच चेपलेले. पण नेम सगळ्यांचाच सरकला. मग स्कोप काढून नळीच्या टोकावरच्या नुसत्या माशीने नेम धरला तर पाचही भोकं दोन रुपयांच्या नाण्याखाली झाकली गेली. म्हणजे बंदूक ठीक आहे ना?

शेवटी बायकोचं नेलपॉलिश घेऊन माऊंट आणि तो ज्यावर बसतो त्या बंदुकीच्या रेलवर मिळून एक रेघ मारली. वीस बारांनंतर रेघ तुटली, माऊंट दोनेक मिलिमीटर मागे, आणि स्क्रू घट्टच होते. स्प्रिंगच्या गनचा धक्का आधी मागे मग पुढे असा दुहेरी बसतो, त्याला नुसते स्क्रू पुरत नाहीत, म्हणून तर रेलवर पिन अडकवायला भोक दिलेलं असतं. तुमच्या साईटवरच्या फोटोत माऊंटला पिन आहे, झूम करून बघा. मला आलेल्या माऊंटला नाही.

तर पिनवाला माऊंट पाठवा, कुरिअरचा खर्च तुमचा. आणि हा स्कोप स्प्रिंगच्या गनचे धक्के सोसणारा आहे की साधा, तेवढं लेखी कळवा, साधा असेल तर तोही बदलून द्या. छर्ऱ्यांचे पैसे मागत नाही.

रेघेचे आधीचे नि नंतरचे फोटो जोडलेत. नेलपॉलिश लाल आहे, नीट दिसेल.

तुमचा ग्राहक,
वाळपई, सत्तरी