झाडं लावा हो, पण आधी बिलं आणा

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

हल्ली पेपरात अमुक आणि तमुक संस्था एकत्र येऊन नेट झिरो करणार (म्हणजे वीज, डिझेल वगैरेंमुळे हवेत जाणारे कार्बन डायऑक्साइडसारखे वायू, ज्याला उत्सर्जन म्हणतात, ते कमी करून उरलेलं हवेतून परत काढून घेणार) अशा बातम्या बऱ्याच येतात, फोटोत बॅनर, मागे सगळे हसत उभे, पण मिळून नेमकं करणार काय ते बातमीत कुठेच सापडत नाही. मी स्वतःच अशा एका समितीवर आहे. शाळा, दवाखाना, लायब्ररी, दोन छोटे कारखाने आणि एक टेम्पोवाले असे आम्ही जमलोय, आणि आयुष्यभर हिशेबच लिहिले म्हणून वह्या माझ्याकडे ढकलल्यात.

पहिल्या मीटिंगचा दीड तास झाडं कुठली लावायची यावरच गेला. मी मधेच विचारलं, गेल्या १२ महिन्यांची लाइटबिलं आणि डिझेलच्या पावत्या कोणी आणल्यात का? दोघांनी आणल्या होत्या. बाकीचे म्हणाले बघू, पुढच्या वेळी. झाडांना माझा विरोध नाही हो, पण २०२१ साली कंपन्यांची हवामानाची उद्दिष्टं तपासणाऱ्या सायन्स बेस्ड टार्गेट्स इनिशिएटिव्ह या संस्थेने नेट झिरोचं जे स्टँडर्ड काढलं त्यात बहुतेक कंपन्यांनी आधी स्वतःचं उत्सर्जन ९० टक्के किंवा त्याहून जास्त कमी करायचं असं धरलंय, आणि जे काही केल्या कमी होतच नाही तेवढ्यापुरतंच हवेतून कार्बन काढून घ्यायचं बघायचं. आम्ही नेमके उलट्या टोकाने निघालो होतो.

मग पावत्या चाळताना एक मजेशीर कागद हातात आला. एसी दुरुस्तीची पावती, त्यावर नुसतं "गॅस भरला" आणि खाली गिचमिड सही, किती किलो भरला, कुठला भरला, काही नाही. आता आर-४१०ए नावाचा जो गॅस बऱ्याच एसीत असतो तो १ किलो गळला तर हवामानावर होणारा परिणाम सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइडइतका, म्हणजे साधारण ७५० लिटर डिझेल जाळल्यासारखा. जनरेटरच्या डिझेलचा लिटर न लिटर रजिस्टरला लिहिणारी माणसं ही पावती फाइलला लावून मोकळी होतात, मीही आधी तेच केलं असतं. आता आम्ही दुरुस्तीवाल्याला सांगितलंय की किलो आणि गॅसचं नाव लिहिल्याशिवाय पैसे नाहीत, आणि सहाही जणांनी एकदम सांगितल्यामुळे त्याने ऐकलं, एकट्याला त्याने उडवून लावलं असतं.

दुसरा घोळ बेरजेचा. टेम्पोवाल्याचं डिझेल हे त्याचं स्वतःचं उत्सर्जन, त्याला स्कोप वन म्हणतात, विकत घेतलेली वीज म्हणजे स्कोप टू, आणि तोच टेम्पो दवाखान्याचा माल आणतो तेव्हा तेच डिझेल दवाखान्याच्या वहीत स्कोप थ्रीमध्ये येतं. आपापल्या वहीत दोघांचंही बरोबर आहे, पण समितीची एकत्र बेरीज मारली की तेच डिझेल दोनदा मोजलं जातं. आणि सोलरच्या बाबतीत याच्या उलट, छप्पर कारखान्याचं, वीज घेणार शाळा, आणि "आम्ही कमी केलं" म्हणून दोघंही टाळ्या घेणार! त्यावरून आमच्यात चांगलीच खडाजंगी झाली, शेवटी ज्याने वीज वापरली त्याच्याच नावावर धरायचं असं लेखी ठरलं, तरी एकजण अजून फुगलाय.

डेन्मार्कमध्ये कालुंडबोर्ग म्हणून गाव आहे, तिथलं मी मीटिंगमध्ये सांगितलं. १९७२ पासून तिथले कारखाने एकमेकांचं टाकाऊ वापरतायत. रिफायनरीचा जास्तीचा गॅस पाइपाने जिप्सम बोर्डच्या कारखान्यात जायला लागला, मग वीज केंद्राची वाफ रिफायनरीला आणि औषध कारखान्याला, आणि त्याच केंद्राचा धूर साफ करताना निघणारं जिप्समही बोर्डवाल्यांना. यातलं काहीही हवामानाच्या भाषणातून सुरू झालं नाही, पाणी आणि पैसे वाचवायला शेजाऱ्याशेजाऱ्यांत दोघादोघांचे करार होत गेले आणि जाळं आपसूक वाढलं. मला हेच पटतं, सगळ्यांनी एकाच मोठ्या शपथेवर सह्या करण्यापेक्षा दोघांत एक पाइप असला तर काम पुढे जातं.

आमच्याकडे वाफबिफ काही नाही, पण माल आणायला प्रत्येकाची गाडी वेगळी आणि निम्मी रिकामी येते एवढं तरी दिसतंच की. दवाखाना आणि एका कारखान्याने आता एकच फेरी ठरवलीये, दुसरा कारखानदार मात्र तयार नाही, त्याला वाटतं आपला माल कुठून येतो ते बाकीच्यांना कळेल. त्याची भीती अगदीच खोटी नाही. म्हणून आकडे फक्त हिशेबनीसाने बघायचे आणि बाहेर बेरीजच द्यायची अशी सोय केलीये, बघू कितपत चालते.

तुमच्या वार्ताहरांना एक विनंती, अशा समितीच्या कार्यक्रमाला गेलात की फोटोआधी तीनच गोष्टी विचारा, कुठल्या वर्षापासून मोजताय, कोणाचं काय मोजताय आणि एसीचा गॅस त्यात धरलाय का. सगळं जमेलच असं नाही, आमचंही कुठे जमलंय! लायब्ररीवाल्यांची बिलं अजून आलेली नाहीत, पण पुढच्या मीटिंगला निदान मीटरचा फोटो तरी आणतो असं ते म्हणालेत.

आपला,
एका समितीचा हिशेबनीस