१९४१ मध्ये टायगर नव्हताच

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला सोव्हिएत-जर्मन युद्धावरचा लेख उत्सुकतेने वाचायला घेतला आणि सुरुवातीलाच अडखळलो. जून १९४१ मध्ये जर्मनांनी ‘अजस्र टायगर रणगाड्यांच्या’ जोरावर सीमा फोडली, असे त्यात म्हटले आहे. टायगर पहिल्यांदा लढाईत उतरला तो १९४२ च्या ऑगस्टअखेरीस, लेनिनग्राडजवळ. स्वारीच्या वेळी जर्मनांकडे जड रणगाडा नव्हताच. तो होता सोव्हिएतांकडे. त्याचे नाव केव्ही, वजन सुमारे ४५ टन, चिलखत ७५ मिलिमीटर जाडीचे.

लिथुआनियात रासेइनियायजवळ जर्मनांच्या सहाव्या पॅन्झर (म्हणजे रणगाड्यांच्या) डिव्हिजनची गाठ या केव्हींशी पडली. त्यांच्याकडचे चेक बनावटीचे रणगाडे जेमतेम १० टनी, त्यांची तोफ ३७ मिलिमीटरची. केव्हीवर तिचे गोळे आदळून नुसते उडत. तिथेच एकट्या केव्हीने डिव्हिजनच्या एका तुकडीचा रसदीचा रस्ता अडवून धरला. ५० मिलिमीटरच्या तोफा चालल्या नाहीत. ८८ मिलिमीटरची विमानविरोधी तोफ पुढे आणली, तर केव्हीने ती गोळा सुटण्याआधीच उडवली. रात्री सुरुंग लावून पाहिले, तरी तो पडला नाही. अखेर हलके रणगाडे समोर नाचवून त्याचे लक्ष गुंतवले आणि मागून दुसऱ्या ८८ ने मारा केला. आतल्या सैनिकांना जर्मनांनी लष्करी इतमामात पुरले, असे त्यांच्याच सेनानी एर्हार्ड राउसने लिहून ठेवले आहे. त्या माणसांचे श्रेय लेखाने न कळत पुसले, याचे मला फार वाईट वाटले.

मग इतके भक्कम रणगाडे असून सोव्हिएत फौज मागे का हटली? मी ३० वर्षे अवजड वाहनांच्या वर्कशॉपमध्ये काढली, त्यामुळे याचे उत्तर मला तोफांपेक्षा गिअरबॉक्समध्ये जास्त दिसते. केव्हीचा गिअरबॉक्स आणि क्लच त्या वजनापुढे टिकत नव्हते. चालक नवशिके, सुटे भाग अपुरे, डिझेल वेळेवर पोचेना. बंद पडलेली एवढी जड गाडी ओढून आणायला तसा ट्रॅक्टरही हवा! कितीतरी केव्ही शत्रूच्या गोळ्याने नव्हे, तर बिघडून किंवा इंधन संपून रस्त्याकडेला सोडून द्यावे लागले.

शाळकरी मुले आपली पुरवणी कात्रणांसाठी जपून ठेवतात. पुढच्या रविवारी त्याच पानावर ही दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक, सांगली