‘सहा महिन्यांत टेक्निशियन’ : आधी तास मोजा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले की वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर आणि एसटी स्टँडच्या भिंतींवर एकच मजकूर झळकू लागतो : ‘पॅरामेडिकल कोर्स, कालावधी सहा महिने, नोकरीची 100% हमी.’ लॅब, एक्स-रे, डायलिसिस, ऑपरेशन थिएटर, सगळीकडे शिकलेल्या माणसांची चणचण आहे, हे खरेच. खोटे आहे ते ‘सहा महिने’.

केंद्राने 2021 मध्ये सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या व्याख्येनुसार ‘सहयोगी आरोग्य व्यावसायिक’ म्हणजे किमान 2000 तासांची, दोन ते चार वर्षांत विभागलेली पदविका किंवा पदवी घेतलेली व्यक्ती. सहा महिन्यांचा वर्ग आठवड्यातून सहा दिवस, रोज सहा तास, एकही सुट्टी न घेता चालवला तरी होतात 936 तास. निम्मेसुद्धा नाहीत. सरकारी भरतीत अर्जांची छाननी होते तेव्हा पदविका कोणाची आणि महाराष्ट्र पॅरावैद्यक परिषदेची नोंदणी आहे का, हे पाहिले जाते. तिथे संस्थेचे रंगीत प्रमाणपत्र कामाला येत नाही, आणि तोवर फी भरून झालेली असते.

छोटे कोर्स वाईटच, असे मात्र नाही. जनरल ड्युटी असिस्टंटचे प्रशिक्षण काही महिन्यांचे असते आणि ते तसेच असायला हवे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची दर दोन तासांनी कूस बदलणे, स्पंज देणे, लघवीचे माप चार्टवर लिहिणे, चाकाच्या खुर्चीला ब्रेक लावूनच रुग्णाला उठवणे, हे काम शिकून आलेल्यांना पुण्या-मुंबईत घरगुती शुश्रूषेसाठी चांगली मागणी आहे. फक्त याच मुलांना पुढे ‘टेक्निशियन’ म्हणून मशीनसमोर उभे करणे थांबले पाहिजे.

का, ते रक्त काढण्याच्या कामावरून पाहू. बाहेरून ते सगळ्यांत सोपे वाटते. दंडाला टूर्निकेट (शीर फुगवायला बांधायचा पट्टा) एक मिनिटापेक्षा जास्त वेळ आवळलेले राहिले की शिरेत रक्त तुंबते आणि प्रथिनांचे आकडे फुगतात. स्पिरिट वाळायच्या आत सुई टोचली किंवा सिरिंजचा दट्ट्या जोरात ओढला की तांबड्या पेशी फुटतात, सीरम (रक्त गोठल्यावर वर राहणारे पाणी) गुलाबी दिसते आणि पोटॅशियम उगाच वाढलेले येते. ट्यूब भरण्याचाही क्रम असतो : आधी निळी सायट्रेटची, मग लाल किंवा पिवळी सीरमची, मग जांभळी ईडीटीएची, शेवटी करडी फ्लोराइडची. जांभळीतले रसायन पोटॅशियमचा क्षार असते. त्याचा थेंब सीरमच्या ट्यूबमध्ये गेला तर पोटॅशियम वर आणि कॅल्शियम खाली जाते. किडनीच्या रुग्णाच्या बाबतीत अशा रिपोर्टवरून भलतेच उपचार सुरू होऊ शकतात. 2.7 मिलीची निळी ट्यूब रेघेपर्यंत भरलीच पाहिजे. रक्त कमी पडले तर गोठणे रोखणाऱ्या सायट्रेटचे प्रमाण जास्त होते, रक्त गोठायला वेळ लागतो असा चुकीचा रिपोर्ट येतो आणि डॉक्टर त्यावरून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचा डोस बदलतात. जांभळी ट्यूब 8 ते 10 वेळा हलक्या हाताने उलटीसुलटी केली नाही, तर आत बारीक गुठळी होऊन प्लेटलेट कमी दिसतात. डेंग्यूच्या दिवसांत अशा एका आकड्यावर माणूस ॲडमिट होतो.

नावाची चूक तर याहून सोपी. ‘तुम्ही पाटीलच ना?’ असे विचारले की गुंगीतला रुग्ण हो म्हणतो. ‘पूर्ण नाव सांगा’ असेच म्हणायचे, ते कागदाशी ताडून पाहायचे आणि लेबल खाटेशेजारीच लावायचे, टेबलावर परत येऊन नव्हे.

तालुक्याच्या मुलांनी हे विशेष लक्षात घ्यावे, कारण मोठी मशीन शहरात आणि गावोगावी कलेक्शन सेंटर अशीच आता लॅबची रचना आहे. त्यांना मिळणारी पहिली नोकरी बहुधा अशा सेंटरवरची असते. तिथे सीरमच्या ट्यूबमधले रक्त गोठायला अर्धा तास देऊन, दहा मिनिटे सेंट्रिफ्यूजमध्ये (ट्यूब गरगर फिरवणाऱ्या यंत्रात) फिरवून, दोन तासांच्या आत सीरम वेगळे करणे हे मुख्य काम. गाडी संध्याकाळी येणार म्हणून ट्यूब तशीच फ्रिजमध्ये ठेवली तर पेशींतले पोटॅशियम बाहेर येते; बाहेर ठेवली तर साखर तासाला 5 ते 7 टक्क्यांनी उतरते. मधुमेह्याचा रिपोर्ट नॉर्मल येतो आणि सगळे खूश होतात.

‘डीएमएलटी (प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका) करा, स्वतःची लॅब टाका’ हे जुने स्वप्नही तपासून घ्यावे. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर त्या विषयातील पदव्युत्तर पदवी असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये स्पष्ट केले. म्हणजे लॅबचा खर्च मांडताना पॅथॉलॉजिस्टचे मानधन पहिल्याच ओळीत आले.

बाकी शाखांबद्दल थोडक्यात. एक्स-रे विभागात छातीवर, शिशाच्या ॲप्रनच्या आत, अंगावर पडलेले किरण मोजणारा टीएलडी बॅज लागतो आणि तो दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो. ‘बॅज खणात आहे’ असे सांगणाऱ्या सेंटरमध्ये नोकरी धरू नये. डायलिसिसच्या एका चार तासांच्या सत्रात मिनिटाला 500 मिली या दराने 120 लिटर द्रावण रुग्णाच्या रक्तालगत वाहते. त्यामुळे पाण्यातले क्लोरीन प्रत्येक पाळीआधी तपासणे हे टेक्निशियनचे काम, प्लंबरचे नव्हे. दवाखान्यातला कंपाउंडर ईसीजी काढतो तेव्हा दोन्ही हातांच्या वायरींची अदलाबदल झाली तर पहिली लीड उलटी येते, आणि ते ओळखणारा कोणी नसेल तर धडधाकट माणूस हृदयविकाराचा ठरतो.

प्रवेशाआधी पालकांनी संस्थेत बसून विचारावे : अभ्यासक्रम कोणत्या विद्यापीठाचा किंवा मंडळाचा? तो झाल्यावर महाराष्ट्र पॅरावैद्यक परिषदेत नोंदणी होते का? मागच्या तुकडीतल्या एखाद्याची नोंदणी दाखवता का? कोणत्या रुग्णालयात, आठवड्याचे किती तास, रोज किती रुग्ण हाताळायला मिळतील? आणि वॉर्डात पाठवण्याआधी हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस (0, 1 आणि 6 महिने) कोण देणार? या शेवटच्या प्रश्नावर समोरचा गडबडला तर बाकी विचारायची गरज नाही. शिकाऊ मुलांच्या हाताला सुई लागते ती अनेकदा टोपण परत लावताना. ते लावायचेच नसते. सुई आरपार न जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात जाते, सिरिंज लाल पिशवीत. तरीही लागलीच, तर जखम पिळू नये, साबण-पाण्याने धुवावी आणि लगेच रुग्णालयात कळवावे. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, फार तर 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यायची असतात. हे पहिल्या आठवड्यात शिकवत नाही ती संस्था काय कामाची?

पगाराबद्दलही भ्रम नको. खासगीत सुरुवात तुटपुंजी असते, सरकारी आरोग्य अभियानातली अनेक पदे कंत्राटी असतात. महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून ‘जर्मनी प्लेसमेंट’च्या पाट्याही लागल्या आहेत. तिकडे मान्य पदवी आणि जर्मन भाषा या दोन्हींशिवाय पान हलत नाही, आणि ती भाषा दोन महिन्यांत येत नाही.

एक मागणी आपल्याकडेही आहे. अशा संस्थांची जाहिरात घेताना आपल्या जाहिरात विभागाने अर्जात तीन रकाने वाढवावेत : संलग्नतेचा क्रमांक, अभ्यासक्रमाचे एकूण तास, प्रात्यक्षिकाच्या रुग्णालयाचे नाव. आणि ते जाहिरातीत, ‘100%’ ज्या टायपात छापता त्याच टायपात छापावेत.

आपला,
वैद्यकीय प्रयोगशाळेतील एक तंत्रज्ञ, सातारा