अ‍ॅप सेविकेच्या हातात देण्याआधी : महिला व बालविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. महिला व बालविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदया, स. न. वि. वि.

अंगणवाडीच्या नोंदी ठेवायचं ‘पोषण ट्रॅकर’ हे अ‍ॅप मार्च २०२१ मध्ये आलं, तेही इंग्रजीत. हातातले हँडसेट जुने, मेमरी तुटपुंजी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरच्या अंगणवाडी सेविकांनी ‘मोबाइल वापसी’ आंदोलन करून ते हँडसेट सरकारला परत केले. बातम्यांत ते आंदोलन म्हणूनच आलं. मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो, मला मात्र तो वापरणाऱ्यांनी फुकटात दिलेला अहवाल वाटला. असा अहवाल मिळवायला कंपन्या पैसे मोजतात.

१ जुलै २०२५ पासून याच अ‍ॅपवर घरपोच आहारासाठी, म्हणजे माता-बालकांना अंगणवाडीतून घरी न्यायला मिळणाऱ्या आहारासाठी, चेहरा पडताळणी सक्तीची झाली. आधी आधारची ई-केवायसी, मग दर वेळी फोटो जुळवणं. आता अंगणवाडीच्या दारात काय होतं बघा. तान्हं बाळ कडेवर घेऊन बाई उभी आहे. आधारला जोडलेला नंबर नवऱ्याचा आणि नवरा ऊसतोडीला गेलेला. ओटीपी त्याच्या खिशात वाजतो, तो कोयता टाकून फोन उचलेपर्यंत मुदत संपते. आधारवरचा फोटो लग्नाआधीचा, रेंज एक काडी. आणि ‘आहार का नाही?’ हे ऐकून घ्यायचं सेविकेनं!

चोरी थांबवायला पडताळणी हवी, हे मान्य. पण नंबर कुणाचा असतो, हे कुठल्याही सेविकेनं चहा पिता पिता सांगितलं असतं.

याच राज्यात याच्या उलट काम झालेलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांना गावातल्या दाईंकडून बाळांचा न्यूमोनिया ओळखून घ्यायचा होता. त्यासाठी मिनिटाला श्वास मोजायचे, पण अनेक दाईंना बारापुढे आकडे येत नव्हते. त्यांनी दाईंना आकडे शिकवत न बसता मणी आणि वाळूचं घड्याळ असलेलं एक साधन केलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली, तर श्वास फार जलद, म्हणजे न्यूमोनिया. बॅटरी नाही, रेंज नाही. हे सुचलं कारण दाईला कुठवर मोजता येतं, हे आधी कुणीतरी पाहिलं होतं.

अ‍ॅप केंद्राचं आहे, हे ठाऊक आहे. तरी दोन गोष्टी आपण मागू शकता. पुढची आवृत्ती येण्याआधी ती बनवणाऱ्यांनी मेळघाटातल्या धारणीत आणि गडचिरोलीतल्या एटापल्लीत आहारवाटपाच्या दिवशी सेविकेशेजारी बसावं. काही समजावून सांगू नये, नुसतं बघावं. तालुक्याच्या सभागृहातलं प्रोजेक्टरवरचं प्रशिक्षण यात धरू नये. आणि तोवर चेहरा जुळला नाही, तर सेविकेच्या सहीवर आहार द्यायची लेखी मुभा मिळवा. तोंडी नको, तपासणीत तोंडी आदेश कुणालाच आठवत नाहीत.

आपला,
पुण्यातला एक सॉफ्टवेअर अभियंता