जुनी गाडी ट्रॅकवर नेताना आधी ब्रेक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुनी एस्टीम, झेन किंवा होंडा सिटी घेऊन कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवे या रेसट्रॅकवर जाणाऱ्या हौशी मंडळींना कळकळीने सांगायचे आहे, की इंजिनाआधी ब्रेकवर पैसे घाला.

सुरुवात ब्रेक ऑइलपासून. ते ओलावा शोषते. नवे डॉट ४ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची प्रतवारी) किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शिरला की हा आकडा १५५ पर्यंत उतरू शकतो. ऑइल उकळले की पेडल दाबल्यावर फक्त वाफ दबते, आणि पाय थेट तळाला जातो. म्हणून सगळे ऑइल बदला, चारही चाकांच्या ब्रेकलाइनमधली हवा काढा. उघडून ठेवलेला डबा नको. डॉट ५.१ चालते, सिलिकॉनचे डॉट ५ मात्र यात मिसळायचे नाही.

नवे ब्रेक पॅड बसवल्यावर ८० वरून २० च्या वेगापर्यंत आठ-दहा वेळा ब्रेक लावा, पण गाडी थांबवू नका. थांबवली तर तापलेला पॅड डिस्कवर ठसा सोडतो, मग स्टीअरिंग थरथरते.

स्प्रिंग कापून गाडी खाली बसवणे तर शुद्ध धोका. चाक लटकले की अशी स्प्रिंग बैठकीतून निसटू शकते. त्यापेक्षा नवे शॉक अॅब्सॉर्बर आणि लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश टाका. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा. जॅकवर आवळले तर रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. अनेक गॅरेजांत नेमके हेच चुकते.

आपला,
एक वाचक, पुणे